सतरा प्रश्न आणि एक उभी रेघ

प्रिय बारक्या,

माझं पत्र बघून तुला धक्का बसला असेल, आणि बसावा अशीच माझी इच्छा आहे. सव्वा वर्षात आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन पालथा ठेवतोस, हे आईनंच मला भोळेपणानं सांगितलं. शिवाय फोनवर तुला मध्ये मध्ये बोलायची खोड. कागदावर ती सोय नाही. तेव्हा पंखा लाव, नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. ‘बारक्या’ म्हटल्याचा राग मानू नकोस. तुझ्या शर्टाची बटणं हल्ली जीव मुठीत धरून बसलेली असतात हे मला ठाऊक आहे, पण तुला हाक मारायला दुसरं नाव माझ्या जिभेवर येतच नाही.

आधी इकडची खुशाली. तुझी भाची नववीत गेली. उंचीत माझ्या पुढे गेली, बोलण्यात तर केव्हाच गेली होती. अर्धा स्वयंपाक आता तीच करते, कारण मी नोकरीला लागले आहे. आईला मी ‘फोनवरचं काम’ एवढंच सांगितलंय आणि तिला वाटतं मी कुठल्या तरी दुकानाच्या ऑर्डरी घेते. चौथ्या मजल्यावर लांबलचक हॉल, चाळीस टेबलं, चाळीस हेडफोन, मध्ये पातळ पार्टिशनं. माझ्या खुर्चीचं एक चाक मोडकं आहे, म्हणून मी दिवसभर तिरकी बसते. अनोळखी माणसांशी बोलायचं आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन घरी यायचं. लिफ्ट आहे, पण पहिले दोन महिने मी जिन्यानंच चढत होते. लिफ्टमध्ये देखभालीचा तक्ता लावलेला असतो आणि त्याच्याखाली मेकॅनिकची सही. ती माझ्यानं बघवत नसे.

तुझ्या दाजींच्या सह्या अशा किती लिफ्टमध्ये असतील देव जाणे. बावीस वर्षं तेच काम. त्यांची एक रीत होती, आधी बिघाड वहीत लिहायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. बिघाड लिहिण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, मग तो लिफ्टचा असो की स्वतःचा. तो रविवार तुला आठवतो का? मला लख्ख आठवतो. मी ओट्यापाशी भाजी निवडत होते, म्हणजे कुणी सांगितलेलं नव्हे, माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तू आरोग्य विम्याचा फॉर्म घेऊन आलास. घरात एजंट असताना परक्याकडून विमा कशाला, म्हणालास. सही आधी घेतलीस, कारण तुझी पद्धतच ती. सही झाली की माणूस निम्मा मोकळा होतो, असं तू मोठ्या ऐटीत मला सांगितलं होतंस. मग आजारांचे सतरा प्रश्न एका दमात वाचलेस, ‘बीपी, शुगर, दमा, हृदय, किडनी काही नाही ना दाजी?’ आणि उत्तराची वाट न बघता पेन टेकवलंस.

त्यांनी तुला थांबवलं. बीपी आहे म्हणाले, दोन वर्षांपासून आहे, रोज सकाळी एक गोळी चालू आहे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. उठून कपाटातनं गोळ्यांचं पाकीट आणलं आणि तुझ्या फॉर्मशेजारी ठेवलं, औषधाचं नाव लिहिताना चुकायला नको म्हणून. तू हसलास. ‘अहो दाजी, हा काय आजार आहे? अर्धं जग खातंय ही गोळी.’ ते म्हणाले, ‘खाईना का. विचारलंय ना? मग लिहा.’ तू म्हणालास, ‘लिहितो, लिहितो.’ चहा प्यायलास, भाचीच्या पाठीत धपाटा घातलास आणि फॉर्म पिशवीत घालून गेलास. ‘हो’ लिहिलं असतंस तर फॉर्म डॉक्टरांकडे गेला असता, तपासण्या झाल्या असत्या, तीन आठवडे मोडले असते आणि तुझ्या महिनाअखेरीला एक फॉर्म कमी पडला असता. कारण एवढंच. तोवर तुझ्यात दुष्टपणा नव्हता रे, नुसता आळस होता. दुष्टपणा नंतर आला.

एका बिल्डिंगच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव. अकरा दिवस हॉस्पिटलात होते. त्या अकरा दिवसांत तू रोज दोन वेळा डबा आणलास, बाकावर पाय मुडपून झोपलास, भाचीचा गणिताचा गृहपाठसुद्धा तिथेच करून घेतलास. विसरलेली नाही मी. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, राग तरी सरळ राहिला असता. ते गेले, आणि तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. बिल मंजूर नाही. ‘अर्जदाराने पूर्वीचा आजार जाणूनबुजून लपवला.’ सोबत फॉर्मची प्रत होती. सतरा प्रश्न, त्यांच्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन, आणि ‘नाही’च्या सतराच्या सतरा चौकोनांतून वरून खालपर्यंत ओढलेली एकच उभी रेघ. सतरा वेळा खूण करायचे कष्टसुद्धा तू घेतले नाहीस. खाली त्यांची सही.

बिलाचं मी बघितलं, तो विषय संपला. पण ते पत्र टेबलावर राहिलं आणि पोरीनं वाचलं. तिनं मला विचारलं, ‘बाबा खोटं बोलले होते?’ घरात गोळ्यांचं पाकीट अजून तसंच होतं, चार गोळ्या शिल्लक होत्या, आणि ही पोर मला विचारतेय की बाबा खोटं बोलले का. ज्या माणसानं शेजाऱ्याची कुंडी आपल्या हातून फुटली तर स्वतः जाऊन सांगितलं, तो कंपनीच्या दप्तरी लबाड म्हणून नोंदला गेला. मला दुसरं काही नको होतं, आजही नको आहे. ते ‘जाणूनबुजून लपवला’ पुसलं जायला हवं.

म्हणून मी तक्रार केली. तुझ्यावर नाही, कंपनीवर. मला वाटलं, तुला विचारतील, तू मान खाली घालून का होईना, पण खरं सांगशील. तुला विचारलं. तू लेखी दिलंस. तक्रार कक्षातल्या बाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी तुझं अक्षर बघून आधी खूश झाले, एवढी मी खुळी! ‘अर्जदाराने मला कोणताही आजार सांगितला नव्हता.’ खाली तारीख. डबा आणणारा हात तोच आणि हे लिहिणारा हातही तोच. मी तिथून तडक तुझ्याकडे आले, तर तू आंघोळीला गेलास आणि तासभर बाहेरच आला नाहीस. बाहेर आई बोलली. म्हणाली, ‘तुझा नवरा तर गेलाच आहे, आता ह्याचं काम घालवून तो परत येणार आहे का?’ आईनं तुझी बाजू घेतली त्याचं नवल नाही, तिनं जन्मभर घेतली. पण त्या दिवशी तुमच्या दाराबाहेर चपला घालताना मी ठरवलं की तुला सोडायचं नाही.

आता नोकरीचं नीट सांगते. विम्याचा फॉर्म आला की कंपनी हल्ली तो तसाच मान्य करत नाही; दाजींच्या वेळी ही पद्धत नव्हती. अर्जदाराला पडताळणीचा फोन जातो, ते सतरा प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि सगळं रेकॉर्ड होतं. आमचा हॉल हेच काम करतो, सात-आठ कंपन्यांचं. त्यात तुझी कंपनी आहे हे बघूनच मी अर्ज केला. मुलाखतीत मला कुणी विचारलं नाही की तुमचा कुणावर राग आहे का. विचारलं असतं तर मी ‘हो’ म्हटलं असतं.

इथे एक गंमत बघ. बाकीच्या मुली कार्डावरचे प्रश्न गाडी सुटल्यासारखे वाचतात, कारण सहा मिनिटांत फोन संपवायचा असतो. मी एक प्रश्न वाचते आणि गप्प बसते. बाकी काही करत नाही. खोदून विचारत नाही, शब्द सुचवत नाही, कार्डाबाहेरचं अक्षर उच्चारत नाही. नुसती गप्प. समोरचा ‘नाही’ म्हणतो, मी तरी दोन क्षण थांबते, आणि मग तो म्हणतो, ‘म्हणजे तसं बघायला गेलं तर…’ एक गृहस्थ म्हणाले, थांबा, बायकोला विचारतो. आणि ती माउली आतून त्यांच्या आजारांची यादी किराणा सांगावा तशी ओरडून सांगत होती. एक शिंपीण म्हणाली, मी तर सगळं सांगितलं होतं त्या दादांना, ते म्हणाले फोन आला तर सगळ्याला नाही म्हणायचं. दादा म्हणजे कोण हे मी विचारलं नाही. फॉर्म माझ्यापुढेच होता. वरून खालपर्यंत उभी रेघ.

पहिल्यांदा ती रेघ पडद्यावर दिसली तेव्हा मी सतराच्या सतरा चौकोन बोटानं मोजले. नंतर सवय झाली, नंतर गोडी लागली. मी शेजारच्या मुलींना सांगून ठेवलं, या एजंटच्या कोडचे फॉर्म किचकट असतात, मला देत जा. त्या बिचाऱ्या आनंदानं द्यायच्या, माझ्या टेबलावर चॉकलेटसुद्धा ठेवायच्या. आठ महिन्यांत तुझे एकसष्ट फॉर्म माझ्या हातून गेले, बारक्या. त्यातले त्रेचाळीस तपासणीसाठी परत गेले. लोकांना तपासण्या झाल्या, थोड्या अटी लागल्या, पण उद्या त्यांच्या घरी माझ्यासारखं पत्र जाणार नाही. हे मी समाजसेवा म्हणून केलं असं समजू नकोस. त्यांचं भलं झालं ते आपोआप झालं. मी सूड घेत होते, आणि रोज संध्याकाळी बसलेल्या घशानं घरी येताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

तुला ऑफिसात बोलावून झापलं, तुझे जुने लोक तुला टाळायला लागले, हे मला आईकडून कळत होतं. ती दर रविवारी फोन करून तुझी दुःखं मला सांगते, मी ती कान देऊन ऐकते. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, ‘अगं, तिकडे पडताळणीला कुणी चेटकीण बसलीय म्हणे, हात धुऊन मागे लागलीय त्याच्या.’ मी म्हटलं, कमाल आहे बाई, कोण असेल मेली! ती चेटकीण मी आहे. खुर्चीचं चाक मोडलेली.

इथवर वाचून तुझा चेहरा लाल झाला असेल. थांब, अजून आहे. गेल्या सोमवारी शेजारची मुलगी एक फॉर्म घेऊन आली. म्हणाली, ताई, रेघ तुमचीच आहे पण कोड वेगळा आहे. कोड तुझ्या कुणा मित्राचा होता. नाव तुझं होतं. तू, तुझी बायको आणि मुलगा, तिघांचा मिळून आरोग्य विमा. स्वतःच्या फॉर्मवरसुद्धा तू तीच रेघ ओढलीस! ती सहाव्या प्रश्नातूनही गेली आहे. ‘फिट, आकडी किंवा अचानक शुद्ध हरपणे, कधीही.’

कधीही. तू तेरा वर्षांचा होतास, मी अठराची. पहिल्यांदा शाळेच्या जिन्यात, मग घरी, मग वाचनालयात. मी तुला कुशीवर वळवायची, डोक्याखाली ओढणी घालायची आणि आकडे मोजायची. शंभराच्या आत थांबलं तर कुणाला सांगायचं नाही, असं आपलं ठरलेलं. कपडे ओले व्हायचे तेव्हा मी मुद्दाम तांब्या कलंडायची, म्हणजे लोकांनी मला वेंधळी म्हणावं, तुला काही म्हणू नये. पुढे डॉक्टर चांगले मिळाले, गोळ्या लागू पडल्या. बारा वर्षं त्या गोळ्या मीच माझ्याकडच्या दुकानातून आणून पाकिटात घालून तुला देत होते, तुझ्याकडच्या दुकानदाराला कळू नये म्हणून. आता आई आणते. तू त्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवतोस आणि तुझी बायको समजते की नवऱ्याला प्रकृतीची फार काळजी. तिच्या वडिलांनी लग्नाआधी मला बाजूला घेऊन सरळ विचारलं होतं, मुलाला काही दुखणं? मी त्यांच्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हटलं. तुझ्यासाठी. तुझ्याआधी आपल्या घरात उभी रेघ मी ओढलेली आहे, हे मला ठाऊक आहे. त्या मुलीपुढे मी आजही मान वर करून बोलू शकत नाही.

आई म्हणाली, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये तुझा पाय घसरला आणि कपाळाला खोक पडली. पाय घसरला नाही, बारक्या. ते तुलाही माहीत आहे, म्हणून तर ही विम्याची घाई.

फॉर्म तीन दिवस माझ्याकडे होता. मी काहीही करायची गरज नव्हती. एखाद्या घाईतल्या मुलीकडे सरकवला असता, तिनं सहा मिनिटांत उरकला असता, तू सतरा वेळा ‘नाही’ म्हटलं असतंस आणि विमा मंजूर झाला असता. मग मला फक्त वाट बघायची होती. तुला ॲडमिट करतील, जुने कागद निघतील, जुना डॉक्टर निघेल, आणि तुझ्या बायकोच्या हातात ते पत्र पडेल. जाणूनबुजून लपवला. तुझा मुलगा तिला विचारेल, बाबा खोटं बोलले? मी ते चित्र तीन दिवस मनात घोळवलं. जेवताना घोळवलं, पोरीची वेणी घालताना घोळवलं. याहून चोख सूड मला जन्मात सुचला नसता, आणि त्याला माझं बोटही लागलं नसतं. मी अडले ती फक्त तुझ्या बायकोच्या नावापाशी. तिला मी एकदा फसवलेलं आहे. दुसऱ्यांदा जमेना.

तेव्हा गुरुवारी मी फॉर्म आमच्या प्रमुख बाईंकडे नेला आणि त्यावर लेखी शेरा दिला. अर्जदार माझा सख्खा भाऊ, त्याला लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, आणि फॉर्म त्यानं स्वतःच भरलेला आहे. नात्यामुळे फोन मला करता येणार नाही, दुसरी मुलगी करील. येत्या बुधवारी, सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान. ती हळू वाचते, मी शिकवलंय तिला. तुझ्याशी आणि तुझ्या बायकोशी, दोघांशी बोलेल, कारण विम्यात तिचंही नाव आहे. तू ‘हो’ म्हणालास तर विमा अटींसह का होईना मिळेल, पण बायकोला सगळं कळेल आणि दाजींच्या फॉर्मवरची रेघही तुझीच, हे बाहेर येईल. ‘नाही’ म्हणालास तर माझा शेरा फाईलला आहेच. तुझ्या दाजींपुढे एकदा हेच प्रश्न आले होते आणि त्यांनी न मागता गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं. दाजींसाठी केलेली माझी तक्रार अजून चालू आहे, तिची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे तू काय बोलायचं ते मी सांगणार नाही, आणि त्याच्या बदल्यात मी शेरा मागे घेईन असंही समजू नकोस. शेरा मागे येत नाही.

मग पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. दया आली म्हणून नाही. बहीण म्हणूनही नाही, ते काम त्या तक्रार कक्षातच संपलं. दाजींनी तुला सगळं सांगितलं होतं आणि तू लिहून दिलंस की सांगितलं नव्हतं. तो मेलेला माणूस तुला खोटं पाडायला येणार नव्हता. उद्या तुझ्या घरावर पाळी आली आणि तू बायकोपुढे, आईपुढे, कुणाहीपुढे हात वर करून म्हणालास की बुधवारच्या फोनचं मला कुणी सांगितलं नव्हतं, खरं बोल असं मला कुणी बजावलं नव्हतं, तर? मी जिवंत आहे, आणि मला ते ऐकून घ्यायचं नाही. म्हणून हे पत्र रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावती लावून पाठवतेय. तू नेहमीप्रमाणे न वाचताच सही केली असशील. तुझ्या सहीची ती पावती आतापर्यंत माझ्याकडे यायला निघालेली आहे.

तुझीच, कारण ते तुला कुठल्याही फॉर्मवर नाकारता येणार नाही,

ताई